धबधब्याची मोजपट्टी

जून सरता सरता सातपुड्याच्या कड्यावर ढग टेकले, की अंजनगाव सुर्जीतल्या गप्पा पेरणीवरून हळूच उत्तरेकडे सरकतात. ‘वरतं पानी लय पडलं म्हंते,’ असं एक जण सांगतो आणि दुसरा बस सुटली का विचारावं त्या घाईने विचारतो, ‘मंग धबधबे चालू झाले काय?’ वरतं म्हणजे चिखलदऱ्याला, हे कुणी कुणाला समजावून सांगत नाही. अंजनगावकराच्या भूगोलात ‘वर’ एकच आहे. इथवर सगळं ठीक चालतं. पण पानटपरीभोवतीच्या अशा कोंडाळ्यात अलीकडे एक तरी गृहस्थ असतोच, ज्याचा मुलगा न्यू जर्सीला आहे. तो विडा गालात सारतो, थोडा थांबतो आणि अतिशय सौम्य आवाजात म्हणतो, ‘आमी मांगच्या साली नायगारा पायला.’ झालं. चिखलदऱ्याचा धबधबा तिथल्या तिथे आटतो. मग उंची निघते, रुंदी निघते, मोबाइल निघतात आणि शेवटी नायगारा मोठा असं ठरून मंडळी पांगतात. माझं म्हणणं असं, की हा निकाल फिरवायला हवा. तुलना करायला माझी काहीच हरकत नाही. ती कोणत्या पट्टीने करायची, गफलत तिथे आहे.

तुलनाच करू नये, प्रत्येक धबधब्याचं आपापलं सौंदर्य असतं, असं सांगणारे सज्जनही भेटतात. वाक्य ऐकायला छान आहे. पण ते बोलणारा माणूस पुतण्याचे दहावीचे टक्के शेजारच्या पोराच्या टक्क्यांना लावून बघतो, आपल्या लग्नातली बासुंदी व्याह्यांच्या बासुंदीशी ताडून बघतो आणि धबधब्यापाशी पोचला की एकदम संत होतो. यात वैराग्य नाही, आळस आहे. तुलना नसती तर पर्यटन हा धंदाच उभा राहिला नसता. लोक आपापल्या गावच्या नाल्यावर समाधानी राहिले असते.

उंचीपासून सुरुवात करू, कारण सगळे तिथूनच करतात. भारतातला सर्वांत उंच धबधबा कोणता? जुन्या गाइडात उत्तर गिरसप्पा, म्हणजे शरावतीवरचा जोग, 253 मीटर. नव्या गाइडात कर्नाटकातलाच कुंचिकल, 455 मीटर. ओडिशाची माणसं बरेहीपानीचे 399 मीटर पुढे करतात. मेघालयवाले म्हणतात, पाणी मध्ये कुठे न टेकता खाली आलं तरच ते पडलं म्हणायचं, आणि तसं पाहिलं तर 340 मीटरचा नोहकालिकाई पहिला. एवढ्यात साताऱ्याचा माणूस भांबवलीच्या वजराईचे 560 मीटर घेऊन हजर होतो. आपला धबधबा तीन टप्प्यांत पडतो याचा त्याला जराही संकोच नसतो. थोडक्यात, भारतातले सर्वांत उंच धबधबे पाच आहेत आणि पाचही आपापल्या जागी खरे आहेत. जगाच्या पातळीवर तरी शिस्त असेल असं वाटतं, पण तिथेही तेच. व्हेनेझुएलाच्या एंजलची उंची 979 मीटर सांगतात. त्यातली सुटी उडी 807 मीटरची, बाकीचं पाणी पायथ्याच्या उतारावरून घसरत जातं ते धरून. दक्षिण आफ्रिकेतला तुगेला 948 मीटरचा दुसरा, पण तो पुन्हा नीट मोजला तर पहिला निघेल असं म्हणणारे लोक आहेत आणि ते फीत घेऊन तयार आहेत. कड्यावर जिथवर ओलं दिसतं ते सगळं मोजायचं की हवेतली उडी तेवढीच मोजायची, हे जोवर ठरत नाही तोवर उंचीचा आकडा हा अभिमानाचा आकडा आहे, मोजणीचा नव्हे. आणि या सगळ्यात नायगारा कुठे आहे? तर 57 मीटरवर. नायगारा पाहून आलेल्या त्या गृहस्थाने खरं तर उंचीचा विषय काढायलाच नको होता. कर्नाटकातल्या गोकाकला घटप्रभा 52 मीटर उडी मारते, आणि तिथे जायला व्हिसा लागत नाही.

गोकाकचं नाव निघालं म्हणून सांगतो, गोकाकला ‘भारताचा नायगारा’ म्हणतात. बस्तरमधल्या चित्रकोटलाही भारताचा नायगारा म्हणतात. कावेरीवरच्या होगेनक्कलला म्हणतात आणि केरळातल्या अतिरापिल्लीलाही म्हणतात. एका देशाला चार नायगारे परवडतात, आणि कॅनडा बिचारा एका नायगाऱ्यावर, तोही अमेरिकेबरोबर भागीदारीत, दिवस काढतो आहे. त्या चौघांतल्या चित्रकोटशी आम्हा वैदर्भीयांचं दुरून नातं लागतं, कारण तिथून पडलेली इंद्रावती पुढे गडचिरोलीची सीमा धरून वाहते आणि सिरोंच्याच्या बाजूला गोदावरीला मिळते. तो पावसाळ्यात सुमारे 300 मीटर रुंद होतो, घोड्याच्या नालेसारखा वळतो, लाल मातीचं पाणी अंगावर घेऊन उतरतो, आणि इतकं सगळं स्वतःचं असूनही त्याच्या पाटीवर नाव दुसऱ्याचं. कॅनडात कुणी नायगाऱ्याला ‘आमच्याकडचं चित्रकोट’ म्हणत नाही. उपाधीच्या पट्टीवर धबधबा मोजला की त्याचा असा जावई होतो, आयुष्यभर सासऱ्याच्या नावाने ओळखला जाणारा.

मग पाण्याचा आकार धरावा, असं मोबाइलवाले म्हणतात. इथे मात्र नायगारा खरोखर दांडगा आहे, हे मान्य करायला हवं. जगातल्या पृष्ठभागावरच्या गोड्या पाण्याचा साधारण पाचवा हिस्सा ज्या पंचसरोवरांत आहे, त्यांतल्या चार सरोवरांचं पाणी नायगाऱ्यावरून उतरतं. पण ते किती उतरावं हे सरोवरं ठरवत नाहीत. अमेरिका आणि कॅनडा यांच्यात 1950 साली करार झाला. त्यानुसार पर्यटनाच्या हंगामात दिवसा सेकंदाला किमान 1,00,000 घनफूट पाणी कड्यावरून सोडायचं, आणि रात्री व हिवाळ्यात 50,000 घनफूट सोडलं तरी चालेल. उरलेलं वीज करायला वळवायचं. म्हणजे जगप्रसिद्ध नायगाऱ्याला चक्क तोटी आहे, ती सकाळी सोडतात आणि पाहुणे झोपले की अर्धी पिळून ठेवतात. घरोघरच्या आयांनी नळाखाली बादली लावताना जे धोरण पिढ्यान्‌पिढ्या राबवलं, त्याला तिथे आंतरराष्ट्रीय कराराचा दर्जा आहे. आमचा गिरसप्पाही आता फार वेगळा राहिलेला नाही. 1964 साली वर लिंगनमक्कीचं धरण झाल्यापासून राजा, रोअरर, रॉकेट आणि राणी या त्याच्या चार धारांचा रुबाब धरणात किती साठा आहे त्यावर असतो. चांगला पाऊस झाला, धरण भरलं, दरवाजे उघडले, तर राजा राजासारखा. नाहीतर वरून चार दोर सोडून ठेवलेत इतपतच. वीज हवी, तिच्यावर माझा राग नाही. हा लेख वाचणाऱ्याच्या डोक्यावरचा पंखाही कुठल्या तरी पाण्यावर फिरत असेल. पण जे पाणी वेळापत्रकाप्रमाणे पडतं त्याच्या आकारावरून निसर्गाचा मोठेपणा ठरवू नये, इतकंच.

आता माझी पट्टी सांगतो. धबधबा मोजायचा तो बघणाऱ्याच्या गावातला मे महिना आणि धबधब्यावरचा जुलै महिना यांच्यातल्या अंतराने. न्यू जर्सीच्या माणसाला पाण्याचं अप्रूप काय असणार? त्याच्या नळाला चोवीस तास पाणी, आकाशातून बारा महिने पाऊस नाहीतर बर्फ. तो नायगाऱ्यापुढे उभा राहून म्हणतो, ‘बापरे, किती पाणी!’ पण मनात त्याला माहीत असतं की घरीही पुष्कळच आहे. उलट अंजनगावचा माणूस बघा. मेमध्ये 45 अंशांच्या उन्हात डोक्याला दुपट्टा बांधून फिरलेला. उन्हाळ्यात नळ कितव्या दिवशी येणार यावर ज्याच्या घरची धुणीभांडी, पाहुणे आणि कधीकधी मुलाखतीसुद्धा ठरतात असा. गावातून दर्यापूरच्या दिशेने खाली सरकलं की खारपाणपट्टा लागतो, तिथे विहिरीला पाणी असून तोंडात घेता येत नाही. शहानूर नदीच्या काठी राहून नदीचं पात्र वर्षातले कितीतरी महिने ज्याने रस्ता म्हणून ओलांडलं आहे, असा माणूस जुलैत परतवाड्यामार्गे घाट चढतो, आणि तिथे गोडं, थंड, फुकट पाणी, कुणी बादली न लावता, नुसतं वाया जाताना बघतो. तोटी नाही, मीटर नाही, नळाची वेळ नाही. त्याच्या घशातून जो आवाज निघतो तो नायगाऱ्यावर कुणाच्या घशातून निघालेला नाही. या पट्टीवर चिखलदरा पहिला, आणि दुसरा बराच मागे.

या पट्टीला भूगोलाचाही पाठिंबा आहे. अंजनगाव पूर्णेच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून तीनशे-साडेतीनशे मीटरवर. चिखलदरा गाविलगडाच्या डोंगरावर, अकराशे मीटरच्या आसपास. हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणून नुसतं वर गेल्यानेच पाच अंश वाचतात. सपाटीवरून आलेले ढग या उभ्या भिंतीवर आपटतात, नाइलाजाने वर चढतात आणि तिथेच रिकामे होतात, म्हणून खालच्यापेक्षा वर कितीतरी जास्त पाऊस. डोंगर लाव्हाच्या थरांचा. कठीण थर पुढे डोकावतो, मऊ थर झिजून आत जातो आणि पायऱ्या-पायऱ्यांचे कडे तयार होतात. नायगाऱ्यात नदी आधी आहे आणि धबधबा हा तिच्या वाटेतला अपघात. चिखलदऱ्यात उलटं. इथे आधी धबधबा आणि मग नदी. पठारावर जमलेलं पाणी अजून नदी झालेलंही नसतं, नाव मिळालेलं नसतं, तोवर कड्यावरून उडी घेतं. दक्षिणेच्या उतारावरचं पाणी शहानूर, चंद्रभागा, सापन अशा नद्यांनी पूर्णेत जातं, उत्तरेकडचं सिपना, खापरा, गडगा यांच्यामार्फत तापीत, आणि पूर्णाही पुढे चांगदेवला तापीलाच मिळते. म्हणजे कड्याच्या एका बाजूला पाठ करून उभे राहिलात तरी पाणी शेवटी एकाच घरी.

आता आक्षेप. पहिला आक्षेप तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांना सुचेल असा आहे: ही पट्टी धरली तर जैसलमेरमध्ये फुटलेली पाइपलाइन हा जगातला सर्वांत मोठा धबधबा ठरेल. आक्षेप वजनदार आहे, आणि जैसलमेरमध्ये पाइपलाइन फुटल्यावर जमणारी गर्दी पाहिली तर तो अगदीच खोटाही नाही. पण धबधबा म्हणायला एक किमान अट घालता येते: त्याच्याकडे बघताना बायकोने नवऱ्याच्या शर्टाची बाही मागून धरलेली असली पाहिजे. पाइपलाइनीपाशी कुणी कुणाची बाही धरत नाही. चिखलदऱ्यातल्या भीमकुंडाच्या कड्यावर धरतात. भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत टाकला म्हणतात आणि नंतर ज्या कुंडात हात धुतले म्हणतात, ती ही जागा. कीचकाएवढा पैलवान जिथून खाली गेला तिथे सामान्य कारकुनाने रेलिंगवर बसून फोटो काढू नये, इतकं पौराणिक शहाणपण त्या बाहीत असतं.

दुसरा आक्षेप नेहमीचा. चिखलदऱ्याचे धबधबे वर्षातले सात-आठ महिने असतातच कुठे? मार्चात गेलं तर कोरडा काळा कडा, त्यावर पांढरा ओघळ. हे खरं आहे, पण ते फक्त आपल्याच वाट्याला आलं आहे ही समजूत खोटी. 1848 च्या मार्चमध्ये वरच्या सरोवरातला बर्फ नदीच्या मुखाशी अडकला आणि खुद्द नायगारा थांबला. लोक पात्रात उतरून फिरून आले. 1969 साली तर अमेरिकेच्या लष्करी अभियंत्यांनी बांध घालून अमेरिकन बाजूचा धबधबा जूनपासून नोव्हेंबरपर्यंत मुद्दामच बंद ठेवला, खालचे खडक तपासायला. तेव्हा पाणी नसलेला नायगारा बघायलाही माणसं आली. आफ्रिकेतला व्हिक्टोरिया 1,708 मीटर रुंद आणि 108 मीटर उंच म्हणून मिरवतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात झांबियाच्या बाजूने गेलात तर बराचसा कडाच बघायला मिळतो. फरक एवढाच की तिथे कोरडा कडा बघून आलेला प्रवासी घरी त्याला भूशास्त्र म्हणतो, आणि आपण ‘काईच नाई लेका’ म्हणतो. आणि कोरड्या दिवसांचे फायदे-तोटे ज्याच्या त्याच्या कामावर असतात. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली 1803 च्या डिसेंबरात इकडे आला, म्हणून त्याला धबधबा दिसला नसेल पण गाविलगड किल्ला स्वच्छ दिसला. 15 तारखेला त्याने तो घेतला आणि 30 तारखेला अंजनगाव सुर्जीलाच दौलतराव शिंद्यांशी तह झाला. तो जुलैत आला असता तर धुक्यात गाविलगड शोधता शोधता त्याच्या तोफा घाटात रुतल्या असत्या, आणि शाळेतल्या मुलांना एक तह कमी पाठ करावा लागला असता.

धुक्यावरून तिसरा आक्षेप येतो, आणि तो मला सर्वांत प्रिय आहे. पाणी असतं तेव्हा धुकं असतं आणि धुकं असतं तेव्हा पाणी दिसत नाही. मग साठ-सत्तर किलोमीटर जाऊन बघायचं काय? जुलैच्या शेवटच्या आठवड्यात भीमकुंडावर जो प्रकार चालतो तो नीट बघण्यासारखा आहे. लोखंडी रेलिंगला थेंब लोंबत असतात. रेलिंगला टेकून दीडेकशे माणसं एका पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून उभी असतात. भिंतीच्या पलीकडून अखंड धो-धो आवाज येतो. माहितगार माणूस हात लांब करून ‘तो पाहा, तिथं’ असं दाखवतो. ज्या दिशेला तो दाखवतो त्या दिशेला त्याच्या हाताचा पंजासुद्धा नीट दिसत नाही. लहान पोरं ‘कुठं?’ विचारतात आणि मोठी माणसं न दिसताच ‘बाप रे’ म्हणतात. मागे भुट्टेवाला कोळशाला वारा घालत, कणसावर लिंबू-तिखट-मीठ चोळत असतो. त्याचा धंदा धुक्यावरच चालतो, कारण दिसत नसलं की माणूस खातो. आणि मग एकाएकी वारा फिरतो, धुकं मधोमध फाटतं, समोरचा हिरवा कडा आणि त्यावरचा पांढरा लोट पंधरा-वीस सेकंद अख्खा उघडा पडतो. ‘दिसला, दिसला!’ अशी आरोळी उठते, भुट्टे हातातून पडतात, मोबाइलचे लॉक उघडेपर्यंत पडदा पुन्हा मिटतो. ज्याने फोटोच्या नादात खाली पाहिलं त्याचा धबधबा गेला. ज्याने नुसतं पाहिलं त्याला मिळाला. नायगाऱ्यावर हा न्याय नाही. तिथे रात्रीसुद्धा रंगीत दिवे सोडून तो दाखवतात, त्यामुळे पाच मिनिटांनी माणूस पाठ फिरवून खायला काय मिळतं ते बघू लागतो.

शिवाय न दिसणं हा मोठ्या धबधब्यांचा जुना सरंजाम आहे. व्हिक्टोरियाला एप्रिल-मेमध्ये पूर येतो तेव्हा तुषारांचा असा लोट उठतो की तो कित्येक किलोमीटरवरून दिसतो, आणि कड्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला मात्र त्यातलं काही दिसत नाही. तो भिजून परत येतो. एंजलचं पाणी इतक्या उंचीवरून पडतं की खाली पोचेपर्यंत त्याचं बरंचसं धुकं होतं, आणि माथ्यावर बहुतेक ढग. त्याच्याजवळ जायला होडी लागते, होडी चालायला नदीला पावसाचं पाणी लागतं, आणि पावसात ढग. बघा, चिखलदऱ्याचंच गणित. ज्याच्यावरून त्या धबधब्याचं नाव पडलं तो वैमानिक जिमी एंजल 1937 साली सोन्याच्या शोधात त्या डोंगराच्या माथ्यावर उतरला. विमान दलदलीत रुतलं आणि मंडळी 11 दिवस चालत खाली आली. रविवारी संध्याकाळी चिखलदऱ्याहून परतवाड्याच्या घाटात अडकलेल्या गाड्यांतल्या लोकांनी ही गोष्ट आठवावी. अकरा दिवस कुणालाच लागत नाहीत. निदान अजून तरी.

जाण्यायेण्याची सोय हा मुद्दा काढला तर गोव्याचा दूधसागर सगळ्यांना मागे टाकतो, हे मात्र कबूल. 310 मीटरचा चार टप्प्यांचा धबधबा आणि त्याच्या पोटाशी रेल्वेचा पूल. 2013 च्या ‘चेन्नई एक्स्प्रेस’नंतर तर लोकांना वाटू लागलं की गाडी तिथे आपल्यासाठीच थांबते. 2023 च्या जुलैत रुळांवरून चालत निघालेल्या पर्यटकांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या. धबधबा बघून छाती भरून येते म्हणतात, त्यांची मांडीही भरून आली. आमच्या अंजनगावालाही रेल्वे होती. मूर्तिजापूर–अचलपूर नॅरोगेज, लाडाचं नाव शकुंतला. ती धबधब्याच्या पोटाशी गेली नसती, अचलपूरलाच थांबली असती. पण तिचा वेग पाहता मूर्तिजापूरला उन्हाळ्यात बसलेला माणूस अचलपूरला पावसाळ्यात उतरला असता, आणि पट्टीला लागणारा मे-जुलै फरक एकाच तिकिटात वसूल झाला असता. ती बंद पडली हे धबधब्यांच्या तुलनात्मक अभ्यासाचंही नुकसान आहे.

एक मुद्दा मात्र नायगाऱ्याच्या बाजूने खरोखर जातो, तो सीमेचा. थोर धबधब्याला दोन मालक लागतात. नायगारा अमेरिका-कॅनडात वाटलेला, व्हिक्टोरिया झांबिया-झिंबाब्वेत, 275 धारांचा इग्वासू अर्जेंटिना-ब्राझीलमध्ये. त्यातही पाण्याचा मोठा वाटा अर्जेंटिनाकडे आणि ते बघायची चांगली जागा ब्राझीलकडे, त्यामुळे दोघेही आपणच जिंकलो असं समजतात. दूधसागर गोवा-कर्नाटकाच्या हद्दीवर. पैनगंगेचा सहस्रकुंड एका काठाने नांदेडचा, दुसऱ्याने यवतमाळचा, म्हणजे मराठवाडा आणि विदर्भ यांच्यातलं ते एकमेव भांडण ज्यातून आवाज गोड येतो. चिखलदरा इथे उणा पडतो, कारण तो सगळाच्या सगळा अमरावती जिल्ह्याचा. पण परतवाड्याहून दुसऱ्या बाजूला वळा, मुक्तागिरी लागते. 52 जैन मंदिरं डोंगराच्या कुशीत चढत गेलेली आणि त्यांच्या मधोमध कड्यावरून पडणारं पाणी. हे क्षेत्र मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्यात. जवळची मोठी बाजारपेठ महाराष्ट्रात. धबधबा त्यांचा, बघे आपले, पायऱ्या त्यांच्या, धापा आपल्या. आंतरराष्ट्रीय नाही, पण आंतरराज्यीय दर्जा आहे, आणि पांढरी शिखरं व पांढरं पाणी एकाच नजरेत मावतात हे सुख नायगाऱ्यावर मिळत नाही. तिथे एका नजरेत पाणी आणि हॉटेलं मावतात.

शेवटचा आक्षेप जरा झोंबणारा आहे: तुला व्हिसा मिळाला नाही म्हणून द्राक्षं आंबट. यावर माझ्याकडे पुरावा आहे आणि तो वऱ्हाडातल्या पुष्कळ घरांच्या दिवाणखान्यांत टांगलेला आहे. मुलाकडे सहा महिने राहून आलेल्या आईवडिलांचा नायगाऱ्यावरचा फोटो. अमेरिकेच्या बाजूच्या बोटीत बसलेले असतील तर अंगावर निळं प्लास्टिक, कॅनडाच्या बाजूने असतील तर लाल. टोपडं कपाळापर्यंत ओढलेलं, वडिलांचा चश्मा धूसर, आई एका हाताने मंगळसूत्र आणि दुसऱ्याने बोटीची दांडी धरून. या फोटोत धबधबा बहुधा नसतोच, तुषार असतात. थोडक्यात, हजारो मैल जाऊन त्यांनी जे पाहिलं ते भीमकुंडाचं धुकं होतं, फक्त भुट्टा नव्हता. आणि ते प्लास्टिकही काही नवलाचं नाही. मेळघाटाच्या पायथ्याला पोत्याची खोळ डोक्यावरून घेऊन गडी-बाया श्रावणभर निंदण करतात, त्यांचा कुणी फोटो काढून भिंतीवर लावत नाही इतकंच. द्राक्षं आंबट आहेत असं मी म्हणतच नाही. ती गोड आहेत, पण सहा महिन्यांनी परत आलेली आई पहिल्याच पावसाळ्यात विचारते, ‘औंदा चिखलदऱ्याले नाई जात काय?’

तरीही माझ्या पट्टीत एक अडचण उरते, ती लपवण्यात अर्थ नाही. मे आणि जुलै यांतलं अंतर हे पावसाच्या हाती, आणि पाऊस एकाच वेळी धबधब्याचाही असतो आणि शेताचाही. पाऊस आला नाही तर धबधबा नाही, पण तेव्हा धबधब्याची चौकशीही कुणी करत नाही; दुबार पेरणीची करतात. आणि पाऊस फार झाला तर भीमकुंड वेडंपिसं होऊन कोसळतं, खाली सोयाबीन पिवळं पडतं, पानमळ्यात आणि पानपिंपरीच्या वाफ्यात पाणी साचतं. नायगाऱ्यावर कधी कुठल्या पर्यटकाने धबधब्याला थांब म्हटल्याचं ऐकिवात नाही. चिखलदऱ्याच्या कड्यावर मात्र ऑगस्टच्या सुरुवातीला, चार दिवसांच्या झडीनंतर, रेलिंगला टेकलेला अंजनगावचा शेतकरी तो पांढरा लोट मनापासून बघतो, मान डोलावतो, पोराला खांद्यावर घेऊन दाखवतो आणि शेजाऱ्याला म्हणतो, ‘पानी झकास हाये, भाऊ. पन आता दोन रोज उघाड पायजे. डवरनी रायली.’